समीक्षकाच्या हाती कोणता गेम द्यावा: चाचणीचा की दुकानातला?

कृष्णेतील होड्यांच्या शर्यतींवर आम्ही तिघांनी सांगलीत मोबाइल गेम तयार केला, तेव्हा समीक्षकांना तो कोणत्या रूपात द्यावा, यावर विश्रामबागेतील आमच्या खोलीत आठवडाभर खल चालला होता.

पहिला मार्ग आयफोनच्या टेस्टफ्लाइटचा, म्हणजे चाचणीची आवृत्ती निमंत्रितांना देण्याच्या ॲपलच्या सेवेचा. प्रकाशनापूर्वी बाहेरच्या १०,००० जणांपर्यंत निमंत्रण पाठवता येते, एक आवृत्ती ९० दिवस चालते आणि गेममधील खरेदीला पैसे पडत नाहीत. खोट नेमकी या शेवटच्या सोयीत आहे. आयर्विन पुलाखालच्या सातव्या शर्यतीत होडी मागे पडते आणि पडद्यावर ८९ रुपयांच्या वल्ह्याची पाटी झळकते, त्या क्षणी खेळणाऱ्याचा हात जसा थबकतो, तसा फुकट वल्हे मिळणाऱ्या समीक्षकाचा थबकत नाही. मग किंमत रास्त आहे की खेळणाऱ्याची अडवणूक, हे त्याने कशाच्या आधारे लिहावे?

दुसरा मार्ग प्रकाशित गेम आणि त्यासोबत प्रोमो कोड, म्हणजे गेममधील विकतची वस्तू फुकट मिळवून देणारा कोड, देण्याचा. गूगल प्लेवर तिमाहीला असे ५०० कोड काढता येतात. परीक्षण उशिरा येते, हा तोटा खरा आहे. तरीही मला हाच मार्ग पटतो, कारण समीक्षक आधी सामान्य खेळणाऱ्यासारखा अडतो आणि मगच कोड वापरतो. (कोड फुकट मिळाल्याचा उल्लेख परीक्षणात असावा, अशी विनंती आम्ही प्रत्येक पत्रात करतो.) चाचणीची आवृत्ती आम्ही केवळ चुका शोधण्यासाठी मित्रमंडळींना दिली.