रात्र काढायची की गाडी काढायची? आजारी कुत्र्या-मांजरासाठी

कुत्र्याचं नख मुळातून तुटलं की ओसरीभर रक्ताचे ठसे उमटतात आणि सगळं घर जागं होतं. त्याच रात्री बोका चार वेळा लघवीला मातीत बसून कोरडाच उठतो, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. नख सकाळपर्यंत थांबेल. बोका थांबणार नाही. निर्णय चुकतो तो बहुतेक वेळा इथेच: भयंकर दिसतं त्याच्यामागे आपण धावतो आणि साधं दिसतं ते अंगावर काढतो.

म्हणून रक्त, आवाज, घाण बाजूला ठेवून आधी ओठ वर करा. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत भरून यायला हवा. हिरडी मुळातच काळी असेल तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा. पांढरट, निळसर किंवा विटेसारखी लाल दिसली तर घड्याळ बघत बसू नका, निघा. झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या आत असावा. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर तेही ‘आत्ताच’मध्ये येतं.

नख आणि बोका

नखावर स्वच्छ कापड सलग ५ ते १० मिनिटं दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. टोकाला कॉर्नफ्लोअर दाबलं तरी रक्त थांबायला मदत होते. लोंबणारं नख डॉक्टर सकाळी काढतील.

बोका कुंथतोय म्हणजे बद्धकोष्ठ, असं समजून एरंडेल पाजण्यात लाखमोलाचे तास जातात. माती बदलून ताजी घाला आणि तो उठल्यावर हाताने चाचपा. ओली झाली नसेल, तो ओरडत असेल, सारखा मागचा भाग चाटत असेल, तर मूत्रमार्ग बुजल्याचं धरून चाला. लघवीतले स्फटिक आणि चिकट स्राव मिळून बूच बसतं. मागे लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. पोट दाबू नका, मूत्राशय फुटेल. मांजरीचा मार्ग रुंद असतो, तो सहसा बुजत नाही. ती थेंब थेंब करत असेल पण खातपीत असेल, तर सकाळी नेलेली चालेल.

उलटी

मोठ्या कुत्र्याने एकदा-दोनदा पिवळं पाणी ओकलं, पण शेपूट हलतेय, पाणी पोटात राहतंय, तर घरीच लक्ष ठेवा. सहा-आठ तास खाणं बंद, पाणी थोडं थोडं, मग बिनमिठाचा मऊ भात आणि उकडलेली चिकन. रात्रीतून पुन्हा पुन्हा झाली तर सकाळी न्या, उलटीत रक्त आलं तर लगेच. उपाशी ठेवण्याचा हा उपाय पिल्लांना आणि मांजरांना लावू नका. मांजर २४ तास जेवलं नाही तर दवाखाना गाठा, कारण उपासाने त्याच्या यकृतात चरबी साचते.

दोन चित्रं मात्र वेगळी. पहिलं, मोठ्या जातीचा, खोल छातीचा कुत्रा ओकायला बघतोय पण फेसाशिवाय काही येत नाही आणि पोट ढोलासारखं ताणलंय: जठराला पीळ पडला असेल, शस्त्रक्रिया लागते, तासांचा हिशेब आहे. दुसरं, लस पुरी न झालेलं पिल्लू, उलट्या आणि रक्ताचे दुर्गंधी जुलाब: पार्वो हा विषाणूचा आजार असू शकतो. दोन्ही वेळा लगेच निघा.

ताप

गोव्यात गोचिडांचा ताप ओळखीचा आहे, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतर. नाकाला हात लावून ताप कळत नाही, गुदद्वारात थर्मामीटर लावा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचं. १०३ आणि जेवण सोडलंय, तर सकाळी न्या आणि प्लेटलेटसह रक्त तपासून घ्या. १०४ च्या वर, नाकातून रक्त, कोलाच्या रंगाची लघवी, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका.

फार्मसीतून आणलेली क्रोसिन देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते: रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी पडतात. ब्रुफेनने कुत्र्याच्या जठरात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

उंदराच्या बऱ्याच औषधांत फसगत वेगळीच. खाल्ल्यावर कुत्रा दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो, मग आतून रक्त सुटतं. त्यामुळे खाल्ल्याचा संशय आला की पाकीट घेऊन त्याच तासाला निघा. मिठाचं पाणी पाजून ओकवायला जाऊ नका, मीठच बाधतं.

चावा

दातांची दोन बारीक भोकं वरून काहीच वाटत नाहीत. खाली मात्र कातडी सुटून पोकळी झालेली असते आणि दोन-चार दिवसांत पू धरतो. त्याच दिवशी दाखवा. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि दिवसभरात किडे पडतात. फिनेल, पेट्रोल ओतू नका, मांस जळतं. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित घोषित झाला, तरी चावरा कुत्रा अनोळखी असेल तर डॉक्टरना ते सांगाच. तुम्हाला दात किंवा लाळ लागली असेल तर जखम १५ मिनिटं साबणाने धुवा आणि स्वतःही दवाखान्यात जा.

कुळागरातून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतून, आलेल्या कुत्र्याचं तोंड किंवा पाय भराभर सुजू लागला, किंवा पापण्या गळून मागचे पाय लटपटू लागले, तर साप चावल्याचं धरून चाला. पट्टी आवळू नका, चीर देऊ नका, त्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. ती सगळीकडे नसते, म्हणून निघता निघता फोन करून विचारा.

रात्री डॉक्टर कुठे भेटतात हे पणजीतल्या टोंकच्या सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयापासून जवळच्या खाजगी दवाखान्यांपर्यंत आजच विचारून नंबर फ्रिजवर लावा. काणकोण किंवा वाळपईहून निघणाऱ्याने रस्त्यातला तासही धरायला हवा. ‘सकाळी बघू’ म्हणण्याची मुभा तुम्हाला पणजीकरापेक्षा कमी आहे, आणि दिवाडी बेटावर तर शेवटची फेरीबोट सुटायच्या आतच ठरवावं लागतं.