‘हर्बल’ पावडरच्या नावाखाली 50,600 रुपये गेले, लेयरवाल्यांनो, वाचा

लिहायची लाज वाटते, पण गप्प बसलो तर पावडर विकणारा तो माणूस पुढच्या गावात हेच करणार.

आमच्याकडे 600 लेयर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या आहेत. मका, सोया पेंड आणून खाद्य घरीच बनवतो. शतावरी, शेवगा, झेंडू, हळदीची पावडर क्विंटलला एक किलो घालायची आणि ती ‘हर्बल अंडी’ तो 9 रुपयांना एक अशी विकत घेणार, असा करार. 20 किलोच्या 12 गोण्या, 2,850 प्रमाणे 34,200. अनामत 15,000. गाडीभाडं 1,400.

कडकनाथ कोंबड्या देऊन अंडी-पक्षी परत घेतो म्हणणाऱ्यांनी 2019 ला सांगली-कोल्हापूरकडं शेतकऱ्यांना कसं बुडवलं ते मलाही ठाऊक होतं. पण यानं पक्षी गळ्यात मारले नाहीत. महिनाभरात 30 ट्रे उचलले आणि 8,100 रुपये रोख मोजले. बलकही खरंच केशरी झाला. झेंडूनं तो होतोच, त्यातलं ल्युटीन हे पिवळं रंगद्रव्य बलकात उतरतं. माझ्या जागी कुणीही विश्वास ठेवला असता.

अंडी न्यायला आला तेव्हा म्हणाला, “आता खाद्यातला शिंपला बंद करा दादा, कवचाचं पावडर बघून घेईल.” हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. पक्षी दिवसाला 110 ग्रॅम खाद्य खातो, म्हणजे पावडर जेमतेम 1 ग्रॅम. कवचासाठी लेयरला रोज 4 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. 1 ग्रॅम पाल्यातून ते येणार कुठून? हा हिशेब तिथंच मांडायला हवा होता. पण नुकतेच रोख पैसे हातावर ठेवलेल्या माणसाशी कोण हुज्जत घालतं? शिंपला बंद केला.

दुसरी गोणी फोडली तेव्हा आई म्हणाली, “याला पाल्याचा वासच नाही.” पुढं अंडी ट्रेमध्ये भरताना बोटाखाली दबायला लागली. रोज साठ-सत्तर फुटकी. मूठभर पावडर पाण्यात टाकली, तर वर भाताचा तूस तरंगला आणि तळाला बारीक वाळू बसली. नवीन गोणी आली की पहिल्यांदा हे करा. बॅच नंबर, घटकांचं प्रमाण, उत्पादकाचा पत्ता नसेल तर गोणी गाडीतून उतरवूच नका.

त्याचा फोन तेव्हापासून बंद. पोलीस म्हणाले, करार आहे, दिवाणी बाब आहे. पशुसंवर्धनवाले म्हणाले, हे औषध नाही, अन्न व औषधकडं जा. तिथं सांगितलं, कोंबडीचं खाद्य आमच्याकडं येत नाही, पशुसंवर्धनकडं जा! तुसाची पिशवी टेबलावर ठेवली तर साहेबांनी ती उघडूनही बघितली नाही, नमुना सीलबंद हवा म्हणाले. सील करणार कोण, ते कुणी सांगेना. गुन्हा कुणाच्या हद्दीत बसतो यावरच यांचं अडतं आणि तोवर चोर जिल्हा बदलतो. आम्ही शेड सोडून खेटे घालायचे आणि वर ऐकायचं, “एवढे पैसे दिलेच कशाला?”

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. शिंपला, चुनखडी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. झेंडूच्या पाकळ्या, शेवग्याचा पाला, अझोला घरचा घाला, तो चांगलाच आहे. माझा राग वनस्पतींवर नाही.

ग्राहक आयोगात “हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही” असं ऐकवतील. स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या मालाला 2019 च्या कायद्यात सूट आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही. आमच्या भागातल्या आणखी दोघांना त्यानं असंच बुडवलंय. आम्ही तिघं आपापली तक्रार टाकतोय. त्याची न फोडलेली गोणी तुमच्याकडं असेल तर ती फोडू नका, पावती आणि शिवण जशीच्या तशी ठेवा.