गोरं करून देऊ का, साहेब? सोलापूरच्या नवी पेठेतल्या डिजिटलच्या दुकानाबद्दल

दुकान बारकं, मागच्या गल्लीत. रोजचं काम वाढदिवसाच्या डिजिटलचं, म्हणजे फ्लेक्स फलकांचं, त्यामुळे फाईल उघडली की ऑपरेटरचा हात आधी ब्राइटनेसवर जातो. ब्राझीलच्या अभ्यासक आणि कार्यकर्त्या लेलिया गोन्झालेझ (१९३५-१९९४) यांच्यावरच्या प्रदर्शनाची पॅनेल इथे छापताना नेमकं तेच नडलं. १९७८ साली 'एकीकृत कृष्णवर्णीय चळवळ' उभी करणाऱ्यांपैकी या बाई, आणि पहिल्या प्रूफवर चेहरा चक्क गव्हाळ!

दुसऱ्या प्रूफवर उलट चूक. ऑटो करेक्शन बंद, पण प्रोफाईल (कुठल्या मशीनवर, कुठल्या कागदावर रंग कसा उतरतो त्याची फाईल) न लावता फोटो थेट सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये बदललेला. केस, गाल, मागची भिंत, सगळा एकच काळा गोळा. फाईल आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतच द्या. मशीन आणि व्हिनाइलचा (छापायच्या प्लास्टिक पत्र्याचा) प्रोफाईल लावायला सांगा आणि उजेड-सावलीच्या कर्व्हमधून फक्त सावलीचा भाग किंचित उचला. ए-४ प्रूफ त्याच व्हिनाइलवर काढून ट्यूबखाली आणि उन्हात, दोन्हीकडे बघा.

गडद भागात शाई जाड बसते. लगेच लॅमिनेशन केलं की फुगे येतात. इथे २४ तास वाळवतात, घाई केली तरी ऐकत नाहीत. हे मात्र मानलं पाहिजे. ५ मिमीचा सनबोर्ड (पॅनेलमागची फोमची पाटी) टेम्पोत आडवाच ठेवा, मे महिन्यात उभा टेकवला की वाकतो.

अक्षरांची वेगळीच कटकट. युनिकोड मजकूर जुन्या कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकला की 'आफ्रो'तल्या 'फ्र'चा खालचा र सुटून पडतो. टेक्स्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, पीडीएफ न्या. ब्राझीलमधल्या काळ्या लोकांच्या पोर्तुगीजला गोन्झालेझ 'प्रेतुगेस' म्हणत. 'प्रेतु' म्हणजे काळा. तो शब्द ओळीच्या शेवटी तुटून वर नुसतं 'प्रेतु' उरलं, वाचणाऱ्याला 'प्रेत'च वाटावं असं. मराठी, कन्नड, तेलुगू एकाच वाक्यात घालणाऱ्या सोलापुरात हेच पॅनेल लोक थांबून वाचणार, तेव्हा तिथे हायफनेशन (ओळीच्या शेवटी शब्द तोडणं) बंदच ठेवा.

शेवटचं पॅनेल मूळच्या आफ्रिकेतल्या, निजामशाहीच्या वजीर मलिक अंबराचं; १६२५ मध्ये त्याने आदिलशाहीकडून सोलापूरचा किल्ला घेतला होता. दोन बाय तीन फुटाला १५० डीपीआय (इंचाला १५० ठिपके) धरलं तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. नेटवरून उतरवलेलं ८०० पिक्सेलचं चित्र दुकानाने एक शब्द न बोलता छापलं. पगडीचे नुसते चौकोन दिसतात. ते पॅनेल पुन्हा छापून मिळालं, पण पैसे पूर्ण घेऊन.