नाताळच्या आधीचं व्हिएन्ना: अडीच महिने राहून आल्यावरचा अनुभव

दोन-तीन दिवसांत शहर उरकून लिहिलेले अनुभव ढिगाने सापडतात. आम्ही दोघांनी मुलीकडे राहून शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक, नव्वद दिवसांचा) जवळजवळ सगळे दिवस पुरवून वापरले, सप्टेंबर संपता संपता गेलो ते डिसेंबरच्या मध्याला परतलो. त्यामुळे शहर हळूहळू गारठताना आणि मग दिव्यांनी सजताना, दोन्ही बघायला मिळालं. निकाल आधीच सांगते: पाचपैकी चार तारे. पाचवा कापला तो थंडीसाठी नाही, अंधारासाठी.

थंडीची धास्ती सगळेच घालतात, अंधाराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, आणि दुसऱ्याच दिवशी वाटतं की आपली संध्याकाळ कुणीतरी उचलून नेली. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो आणि चारला मावळतो. आपल्याकडे मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो, तिथे जेमतेम साडेआठ. त्यातही नोव्हेंबरात शहरावर करड्या ढगांचं झाकण बसतं ते कधी कधी आठवडाभर हलत नाही. पहिल्या पंधरवड्यात आमच्या ह्यांची चिडचिड वाढली, झोप दुपारीच येऊ लागली. मग आम्ही वेळापत्रक बदललं. नऊला बाहेर. शॉनब्रुन राजवाड्याची बाग, रिंगरोडवरची ट्राम, डॅन्यूबचा काठ, जे उजेडात बघायचं ते दोनच्या आत. दोननंतर कुठल्या तरी छपराखाली शिरायचं. हे जमलं आणि शहर आवडायला लागलं, कारण व्हिएन्नाची खरी श्रीमंती छपराखालीच आहे.

कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या कलासंग्रहालयात, एकदा जाऊन भागत नाही. जास्त दिवस राहणार असाल तर वर्षाचा पास सरळ काढा, दोन-चार फेऱ्यांत पैसे वसूल होतात. गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आणि सातनंतर दालनं बरीच मोकळी असतात. सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रॉइगेल याच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह इथे आहे. ‘बर्फातले शिकारी’ हे १५६५ चं चित्र आपण कॅलेंडरवर पाहिलेलं असतं, पण समोर बाकावर बसून बघताना बारीकसारीक गोष्टी दिसायला लागतात. थकलेली कुत्री, एका बाजूने सुटून लोंबकळणारी खाणावळीची पाटी, दारात पेटवलेल्या जाळाच्या ज्वाळा वाऱ्याने एकीकडे झुकलेल्या, खाली गोठलेल्या तळ्यावर मुंगीएवढी माणसं घसरत खेळतायत. आकाश आणि बर्फ दोन्ही एकाच हिरवट करड्या रंगाचे. मला मात्र त्याच दालनातलं ‘गुरं परत येताना’ जास्त आवडलं. डोंगरावरून गुरं खाली आणणारे गुराखी, मागे काळवंडत येणारं आभाळ. ते नोव्हेंबरचं चित्र आहे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, बाहेर तसंच आभाळ होतं.

ऑपेरा म्हणजे श्रीमंतांचं काम असं समजून आम्ही सोडूनच देणार होतो. पण श्टाट्सओपेर या इथल्या प्रसिद्ध ऑपेरागृहात उभ्याने बघायची तिकिटं त्याच दिवशी मिळतात आणि वीस युरोंच्या आत काम होतं. आपल्या जागेच्या कठड्याला मफलर बांधायचा, की ती जागा आपली. मग खुशाल फिरून या, कुणी हलवत नाही. गुडघे दुखत असतील तर मात्र पूर्ण खेळाचा हट्ट धरू नका, आम्ही मध्यंतरानंतर निघालो.

आता बाजार. रातहाउससमोरचा (म्हणजे नगरभवनासमोरचा) ख्रिस्तकिंडलमार्क्ट, नाताळचा बाजार, १९७५ पासून तिथे भरतो, नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होतो. एकदा बघावा. शनिवारी संध्याकाळी तर अजिबात नको, गणपतीत दादर स्टेशनबाहेर चालल्याचा आनंद हवा असेल तर गोष्ट वेगळी. वस्तूही बऱ्याचशा कुठेही मिळतील अशा. त्यापेक्षा कार्ल्सप्लाट्झचा बाजार कितीतरी सरस: कारागीर स्वतः बसलेले, खाणं सेंद्रिय, मागे कार्ल्सकिर्शं चर्चचा घुमट. श्पिटेलबर्गच्या बोळांतलाही गोड आहे, फक्त मंगळवार-बुधवारकडे दुपारी जा. पंचचा (गरम, मसालेदार दारूच्या पेयाचा) मग अनामत रकमेवर मिळतो, परत केला की पैसे परत. दारू नको असेल तर ‘किंडरपुन्श’ मागा.

शाकाहाऱ्यांचे हाल होतात हे खोटं. बटाट्याच्या किसाचे लसूण लावलेले कुरकुरीत पुफर, चीज घातलेले श्पेट्झलं (पिठाचे छोटे गोळे), भाजलेले मारोनी (चेस्टनट), कायझरश्मारन (तुकडे केलेलं गोड, जाड धिरडं), पोट भरतं. पण बटाट्याच्या सूपमध्येही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, म्हणून ‘ओनं श्पेक’ (डुकराच्या मांसाशिवाय) हे दोन शब्द पाठ करून जा. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. नळाचं पाणी थेट आल्प्समधून येतं, त्यातली पहिली जलवाहिनी १८७३ ची. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा मुख्य रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केट उपयोगी पडतं, रांग लांबलचक असली तरी.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे इथेच वाया जातात. तापमान बहुतेक वेळा शून्य ते सात-आठच्या मधे, पण वारा कान कापतो. आपल्याकडच्या एका दुकानातून ‘खास बर्फासाठी’ म्हणून नेलेला जाडजूड कोट मी जवळपास वापरलाच नाही. ट्राम, दुकान, म्युझियम सगळीकडे हीटर, आत शिरलं की घाम. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर पातळ लोकरी स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट, एवढं पुरतं. मुलीचा नियम पक्का होता: “आई, आकाश निळं दिसलं की आणखी एक थर चढव.” ढगाळ दिवसापेक्षा निरभ्र दिवस जास्त बोचरा असतो, हे तिचं म्हणणं दर वेळी खरं ठरलं. बुटांचा तळ रबरी आणि खाचांचा हवा. फूटपाथ गोठले की बारीक खडी पसरतात, ती खाचांत अडकते आणि घरात लाकडी फरशीवर कचकचते. दाराशीच बूट काढा. हीटरच्या हवेने टाचा फुटतात, व्हॅसलीन जास्त न्या.

प्रवासाला तक्रारीला जागा नाही. २०१२ पासून २०२५ च्या अखेरपर्यंत वर्षाचा पास ३६५ युरोंना, म्हणजे दिवसाला एक युरो पडायचा, आता वाढलाय. आमच्यासारख्यांना महिन्याचा पास बरा. स्टेशनात गेट नाहीत म्हणून कुणी फुकट बसायचा विचार करत असेल तर साध्या कपड्यांतले तपासनीस असतात आणि दंड शंभर युरोंच्या वर आहे.

आठवडाभरासाठीच जाणार असाल तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा किंवा डिसेंबरचा पहिला घ्या. बाजार लागलेले असतात, हॉटेलं नाताळाइतकी चढलेली नसतात, आणि पाच डिसेंबरच्या आसपास क्रॅम्पस हा लोककथेतला शिंगवाला राक्षस पोरांना घाबरवत फिरतो, तोही बघायला मिळतो. फक्त बर्फासाठी जाणार असाल तर व्हिएन्ना नको. आम्हाला एकदाच भुरभुरला, तोही सकाळी उठेपर्यंत वितळला. त्यापेक्षा साल्झबुर्गच्या पुढे डोंगरात जा.