कायटोसान की अल्जिनेट: कुठल्या जखमेवर कुठली पट्टी?

घरात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारं कुणी असेल किंवा मधुमेहामुळे पायाची जखम भरत नसेल, तर कधी ना कधी या दोन पट्ट्यांची नावं कानावर पडतात. दोन्ही समुद्रातल्या, दोन्ही साध्या गॉझपेक्षा महाग. पण एकीच्या जागी दुसरी वापरली, तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

कायटोसान बनतं कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून. टरफलांतलं कॅल्शियम आम्लाने काढतात, प्रथिनं अल्कलीने. उरतं ते कायटिन. ते दाट, गरम कॉस्टिक सोड्यात ठेवलं की कायटोसान मिळतं. त्यावर धन विद्युतभार असतो आणि तांबड्या रक्तपेशींचा पृष्ठभाग ऋणभारित. त्यामुळे पेशी पट्टीला चिकटतात आणि जखमेच्या तोंडाशी चिकट बूच तयार होतं. रक्त गोठवणाऱ्या शरीरातल्या घटकांवर हे फारसं अवलंबून नाही. म्हणूनच वॉरफरिन किंवा हेपारिन ही रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांच्या दृष्टीने ही पट्टी मोलाची वाटते: दात काढल्यावर, डायलिसिसची सुई काढल्यावर, मनगटातून अँजिओग्राफी झाल्यावर. अमेरिकेत 2002 मध्ये हेमकॉन या कायटोसान पट्टीला मान्यता मिळाली आणि इराक-अफगाणिस्तानात सैनिकांसाठी ती वापरली गेली. आपल्याकडे ॲक्झिओस्टॅट ही कायटोसान पट्टी मिळते.

मात्र पट्टी ठेवून हात काढून घेतला तर काही उपयोग नाही. पाकिटावर सांगितलेली मिनिटं सलग दाबून धरायचं, मधे उचलून बघायचं नाही. काढताना सलाइनने भिजवायची. कोरडी ओढली तर बूच निघून पुन्हा रक्त सुरू होतं.

अल्जिनेटचं काम वेगळं. तपकिरी समुद्री शेवाळापासून केलेल्या या तंतूंमधलं कॅल्शियम जखमेच्या पाण्यातल्या सोडियमशी अदलाबदल करतं आणि पट्टीची मऊ जेली होते. सतत पाझरणाऱ्या जखमेला हीच योग्य. कोरड्या जखमेवर लावू नका, ती चिकटते.

मधुमेही पायाच्या जखमेवर केवळ भरून येण्यासाठी कायटोसानवर खर्च करावा, असं मला वाटत नाही. प्रयोगशाळेतले निष्कर्ष आशादायक आहेत, पण माणसांवरचे बरेच अभ्यास छोटे आहेत. साखर आटोक्यात आणणं, मृत पेशी काढून घेणं, पायावरचा भार कमी करणं आणि रक्तपुरवठा तपासणं, आधी पैसे इथे लावा. चाकूने बोट कापलं असेल तर स्वच्छ पाणी आणि साधं गॉझ पुरेसं.

कोळंबीची ॲलर्जी मुख्यतः मांसातल्या प्रथिनांमुळे होते आणि शुद्ध कायटोसानमध्ये ती जवळपास नसतात. तरीही ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि रक्त उसळून येत असेल, तर कुठलीही पट्टी घट्ट दाबून धरूनच रुग्णालय गाठा.