सांगलीत अकरा महिने : गावभागातलं घर आणि कृष्णा

नवऱ्याची बदली सांगलीला झाली तेव्हा नाशिकमध्ये बसून मी या गावाबद्दल बरंच शोधलं होतं. हाती लागले ते महापुराचे फोटो आणि हळदीचे भाव. गाव राहायला कसं आहे, माणसं इथं कशाच्या ओढीनं टिकून आहेत, हे कुणी नीट लिहिलेलं सापडलं नाही. आता सप्टेंबर ते जुलै असे अकरा महिने गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीत, काढलेत. तेव्हा मला जे वाचायला हवं होतं, ते आज लिहितेय.

घरापासून सुरुवात करते. एजंटनं घर दाखवलं तेव्हा भिंतींना नवा रंग दिलेला होता. पुराचं विचारलं तर "इथपर्यंत नाही येत" म्हणाला. टोकन देऊन झाल्यावर मालकीण काकू भेटल्या. त्यांनी आम्हाला जिन्यापाशी नेलं आणि बोटानं पायऱ्या दाखवल्या. "२००५ ला पाचवी. २०१९ ला अकरावी. २०२१ ला सातवी. तुम्ही वर राहणार, सामान भिजायचं नाही. पण बाहेर पडायचं तर ह्याच पाण्यातनं. पटत नसलं तर टोकन परत देते, संकोच करू नका." एजंटचा मला अजून राग आहे. घर घेतलं ते काकूंच्या या बोलण्यामुळे. अकराव्या पायरीच्या जरा वर भिंतीवर मातीची रेघ आहे, रंगाचे दोन हात देऊनही ती पुसट दिसते. बोट फिरवलं तर तेवढ्याच पट्ट्यात भिंत खरखरीत लागते. माझा मुलगा शाळेत जाता-येता त्या रेघेवरून हात फिरवत उतरतो.

इथं घर बघायला येणाऱ्यांना एकच सांगेन. एजंटला विचारू नका, शेजारच्या किराणा दुकानात विचारा. कुठल्या साली किती पाणी होतं, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं, आणि खरं सांगतं.

आता मूळ मुद्दा. भेटेल त्याला मी विचारत होते, सांगलीतलं सगळ्यात काय आवडतं? नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण अभिमानानं म्हणाले, नाटक. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते याच गावात, आणि ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो तेव्हा गावाला ते आठवतंही. कुणी म्हणालं भडंग. लसूण-शेंगदाण्याचा तो खमंगपणा मी नाशिकला नेऊन वाटला, तेव्हा डबे रिकामे होऊन परत आले. गणपती मंदिर तर प्रत्येकाच्याच तोंडी. भाद्रपद प्रतिपदेला तिथं गुपचूप 'चोर गणपती' बसतो, हे मला आल्या आल्याच कळलं. संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी रथातून निघाला आणि सरकारी घाटावर पोचला, तेव्हा आम्ही त्या गर्दीत होतो. पण उत्तर काहीही असो, पाच मिनिटांत बोलणं नदीवर येतंच. नाटकवाले काकासुद्धा शेवटी "संध्याकाळी आयर्विनवर जाऊन उभ्या राहा" असंच म्हणाले.

गेले. १९२९ चा दगडी कमानींचा पूल. खाली पाणी, पलीकडं सांगलवाडी, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत सहा वाजले की नदीवरून येणारा वारा. लोक नुसते उभे असतात. मी पहिल्या दिवशी दहा मिनिटं थांबले, आता आठवड्यातून तीनदा तरी जाते.

नदीचं हे वेड ताटातही उतरतं. कृष्णाकाठच्या मळीतली वांगी मी पहिल्यांदा काकूंबरोबर बाजारातून आणली. हिरवट-पांढरी, देठाला काटे. काकू वांगं उचलून बघतात, देठ ताजा हवा आणि वांगं हाताला हलकं लागायला हवं. "जड असलं की बिया," असा त्यांचा हिशेब. चार चिरा द्यायच्या, देठ ठेवायचा, आत शेंगदाण्याचं कूट आणि चटणी. इथं चटणी म्हणजे कांदा-लसणाचा तिखट मसाला, हे कळेपर्यंत माझा एकदा घोटाळा झाला होता. वांगी शिजली की बोटानं दाबली तरी मोडतात, आणि चव चक्क गोडसर. पुरानं आणून टाकलेला गाळ म्हणजेच ही मळीची जमीन, असं काकूंनी सांगितलं तेव्हा त्या जिन्यावरच्या रेघेकडं मी वेगळ्या नजरेनं बघितलं.

फेब्रुवारीत मार्केट यार्डात हळदीचा हंगाम बघायला नक्की जा. पोत्यांची थप्पी, हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या, घरी आल्यावर ओढणीला तीन दिवस वास. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पूर्वी हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवायचे, २००५ च्या पुराचं पाणी त्या पेवांतही शिरलं.

हरिपूरचा उल्लेख आला म्हणून सांगते, चिंचेच्या झाडांमधून जाणाऱ्या त्या रस्त्यानं एकदा तरी संध्याकाळी जा. संगमेश्वराच्या घाटावरून कृष्णा आणि वारणा मिळताना दिसतात. सांगलीला पूर का येतो हे मला कुठल्याही बातमीपेक्षा तिथं उभं राहून जास्त कळलं. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं. वारणा भरून आली की संगमावर कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, तुंबतं आणि मागं सांगलीकडं फुगतं. त्याच्याही खाली नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते. एका वेळी सगळ्यांना जागा हवी असते.

मुलगा मार्चपासून काकूंच्या पुतण्याबरोबर घाटावर पोहायला जायला लागला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून. नाशिकला टँकच्या फिया भरूनही जो पाण्याला भ्यायचा, त्याचा डबा इथं तिसऱ्या आठवड्यात सुटला. पहाटे घाटावर सत्तरीचे आजोबाही पोहतात. पोरगं कुणाचंही असो, लक्ष सगळ्यांचं असतं. या नदीत मगरी आहेत, कुठं दिसली अशी बातमी आली की त्या दिवशी कुणी उतरत नाही. पहिल्या आठवड्यात मी जीव मुठीत धरून पायरीवर बसायचे, आता थर्मास घेऊन बसते.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी नदीचीच आहे. शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की काही दिवस वास येतो, पोहणं बंद पडतं. ज्या नदीला लोक माई म्हणतात, जिची ओटी भरतात, तिच्यात हे जाताना बघून मला खरोखर वाईट वाटतं. घाटावरचे आजोबा वर्षानुवर्षं हेच बोलतायत. बाकी डास भरपूर, आणि लांबच्या गाड्यांसाठी मिरज जंक्शन गाठावं लागतं. ते चालवून घेता येतं.

आणि मग जुलै. पाऊस लागला की गावाची भाषाच बदलते. कुणी "कसं काय" विचारत नाही, "किती झालं?" विचारतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते सांगताना काकूंचा आवाज अजून उतरतो. कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती जातंय, हे भाजीवालीला तोंडपाठ. गेल्या आठवड्यात रात्री दहाला काकू खालून हाक मारून म्हणाल्या, "पाणी चढायलंय, बघून येऊया." आम्ही दोघी छत्री घेऊन घाटाकडं गेलो. रोज बसायची माझी पायरी कधीच बुडाली होती. तांबडं पाणी, आवाज नाही, फक्त वेग. काकूंनी पदरातली हळदीकुंकवाची पुडी सोडली, वाहिली, हात जोडले. मी विचारलं, काकू, भीती नाही वाटत? "वाटते की. तीनदा घर धुतलंय मी. पण उपनगरात लेकाकडं दोन महिने राहिले, तर झोप लागंना. पाण्याच्या बाजूनं वारं येत नाही तिकडं."

परत आल्यावर आम्ही त्यांचं धान्य, शिवणयंत्र आणि लग्नातलं लाकडी कपाट वर आणलं. नवरा आणि शेजारची दोन पोरं होती. कुणाला बोलवावं लागलं नाही, जिन्यात आवाज ऐकून आले. पाणी ३६ फुटांवर थांबलं आणि दोन दिवसांत उतरलं.

गावभागात घर घ्यावं की नाही, असं कुणी विचारलं तर : मुलं लहान असतील आणि पावसाळ्यात कुणी मदतीला नसेल तर नदीपासून लांब, विश्रामबागेकडं घर बघा. वरचा मजला मिळत असेल आणि मालक काकूंसारखे असतील तर गावभागच घ्या.

आमचा अकरा महिन्यांचा करार ३१ तारखेला संपतोय. पुढच्या अकरा महिन्यांचा कागद परवा झाला. भाडं पाचशेनं वाढलंय. कपाट पावसाळाभर आमच्या हॉलमध्येच राहील, ते कागदात घालायचं का असं मी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "त्याला कशाला कागद?"