तीन नंबरचा सिलिंडर: फोक्सवॅगन 2180 इंजिनावर 94 तास

मी घरी बांधलेल्या विमानात फोक्सवॅगन बीटल गाडीच्या घराण्यातलं इंजिन आहे. जुलैत त्याची लीक-डाउन टेस्ट घेतली, म्हणजे सिलिंडरात हवा भरून ती किती गळते ते पाहिलं. 80 पीएसआय दाबाची हवा आत सोडली. एक, दोन आणि चार नंबरच्या सिलिंडरांनी 76-77 धरून ठेवली, तीन नंबरने 51. एक्झॉस्ट पाइपाला कान लावला तर आत सरळ फुसफुस ऐकू येत होती, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. इंजिनावर तेव्हा फक्त 61 तास झाले होते. त्याच रात्री चिडून हे लिहायला घेतलं. पहिला भाग जसा लिहिला तसाच ठेवला आहे.

विमानाबद्दल तक्रार नाही. दोन सीटचं, ॲल्युमिनियमचं, पाच हिवाळे गॅरेजमध्ये रिव्हेट मारून बांधलेलं. आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिनात ऑशकॉशपासून (घरी विमानं बांधणाऱ्यांचं मोठं केंद्र) तासाभरावर राहतो, त्यामुळे कुठे अडलं तर येऊन बघणारं जाणतं माणूस मिळतं. इंजिन मात्र मी पैशाकडे बघून निवडलं. बीटलच्या घराण्यातलं, 92 मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास), 82 मिमीचा स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणून 2180 सीसी, गिअरबॉक्स नाही, प्रॉपेलर थेट क्रँकवर. दोन इग्निशन आणि प्रॉप हब (प्रॉपेलर क्रँकवर बसवायचा भाग) धरून मला 8,700 डॉलर पडले. छोट्या विमानांसाठीच बनवलेलं नवं रोटॅक्स 912 इंजिन याच्या दुपटीहूनही महाग. लेकाची कॉलेजची फी समोर होती, त्यामुळे दुसरा पर्याय माझ्यापुढे नव्हताच.

ताकदीचा आकडा 80 हॉर्सपॉवर सांगतात, तो 3400 आरपीएमला. माझं इंजिन चढताना 2950 च्या आसपास फिरतं, म्हणजे ते 80 घोडे चढणीला हजरच नसतात. हे मला आधी कळायला हवं होतं. पण माझं खरं दुखणं हे नाही. माझं दुखणं तीन नंबर.

विमानासाठी प्रमाणित इंजिन-प्रॉपेलरची जोडी असती तर इथल्या नियमाने नव्या विमानाच्या चाचणी-उड्डाणाचे 25 तास लागले असते. गाडीचं इंजिन म्हणून 40, तेही एकटीने, नेमून दिलेल्या हद्दीत. त्या 40 तासांत मी खालची शेतं, तळी काही धड पाहिली नाहीत. नजर एकाच आकड्यावर, तीन नंबरच्या तापमानावर. तीन नंबर म्हणजे उजवीकडचा, मागचा, फायरवॉलजवळचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळचा). चढताना बाकीचे तिघे 360 ते 375 फॅरनहाइटवर असायचे आणि हा 415. मी माझी रेघ 400 ला आखली होती. रेघ ओलांडली की नाक खाली, थ्रॉटल मागे, थोडा गार होऊ द्यायचा, मग पुन्हा चढायचं. पॅटर्नच्या (धावपट्टीभोवतीच्या फेरीच्या) उंचीला पोचायलाही असे टप्पे घ्यावे लागले.

काय काय केलं? बॅफलच्या (हवा सिलिंडरांवर वळवणाऱ्या) पत्र्यांच्या फटी सिलिकॉनने बुजवल्या. काउलला (इंजिनावरच्या आवरणाला) टेकणारी रबरपट्टी दोनदा बदलली. मिश्रण रिच केलं (पेट्रोल वाढवलं), ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागे घेतलं, ताशी 70 ऐवजी 90 मैलांनी चढू लागले. चौघांचेही आकडे थोडे उतरले, पण तीन नंबर बाकीच्यांच्या 40 अंश वरच राहिला. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची रिंग चार नंबरवर लावून पाहिली. दोष मीटरचा नव्हता.

इतकी धास्ती का, ते सांगते. हेड (सिलिंडरवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) पोलादी. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे हेड जितकं तापेल तितकी सीटवरची पकड सुटत जाते. गाडीत हे इंजिन क्वचितच पूर्ण जोर लावतं. विमानात ते मिनिटं नव्हे, तास न् तास जोर लावून चालतं.

ज्याच्याकडून हेड घेतले त्याला फोटो, आकडे, तासांची नोंद सगळं पाठवलं. सात ईमेल झाले. शेवटचं उत्तर असं, की तुम्ही हे विमानात वापरलंत, वॉरंटी संपली. विकताना प्रॉप हबसकट विकणाऱ्याला इंजिन कुठे बसणार हे ठाऊक नव्हतं? मला पैशांपेक्षा या उत्तराचा राग जास्त आला. माझं मत: हे इंजिन कुणीही घेऊ नये.

इथपर्यंत जुलै. पुढचं ऑक्टोबरात लिहिते आहे, आणि वरचं शेवटचं वाक्य मी मागे घेते आहे.

हेड काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं होतं. कोल्हापूरहून मामाचा व्हिडिओ कॉल आला. मामाचा उभा जन्म शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीत गेला. विमानातलं त्याला काही माहीत नाही, पण ओतकाम त्याला डोळे मिटून कळतं. मी कॅमेरा हेडाजवळ नेला तसा तो म्हणाला, "अगं, ह्याचं फेटलिंग कुणी केलंय का? फिनांच्या मधी माल तसाच हाय की!"

फेटलिंग म्हणजे ओतकामावरचा जादा माल साफ करणं, आणि फिना म्हणजे हेडाला गार करणाऱ्या पातळ धातूच्या पात्या. टॉर्च लावून पाहिलं. साच्याच्या सांध्यातून ओघळून गोठलेला कागदासारखा पातळ पत्रा एक्झॉस्ट पोर्टच्या आणि स्पार्क प्लगच्या बाजूच्या फिनांत अडकला होता. तीन नंबरच्या बाजूला पाच फटी पूर्ण बंद. चार नंबरच्या बाजूला एक. म्हणजे हेडातली सर्वांत तापणारी जागा, आणि तिथेच वारा जायला वाट नाही. वर्षभर मी बाहेरच्या पत्र्यांशी झगडत होते आणि अडथळा ओतकामातच होता.

मग गाडीत असं हेड चालून कसं जातं? बीटलच्या इंजिनावर पट्ट्याने फिरणारा मोठा पंखा असतो, तो चार फटी बंद असल्या तरी उरलेल्यांतून हवा रेटतो. आपण विमानात वजन आणि ताकद वाचवायला तो पंखा काढून टाकतो. मग उरतो तो फक्त विमानाच्या वेगाने मिळणारा दाब. 80 मैलांच्या वेगाला तो साधारण तीन इंच पाण्याच्या उंचीइतका, 100 मैलांना पाच इंच, आणि तोही काउलच्या तोंडाशी. एवढ्याशा दाबावर अख्खं इंजिन गार राखायचं. तिथे एकेक फट मोलाची.

दोन संध्याकाळी गेल्या. हॅकसॉचं पातं कपड्यात धरून, नीडल फाइल, 3 मिमीचं लांब ड्रिल बिट हाताने फिरवत. घाई केली तर फिन तुटते. पोर्टची भिंत कुठे सुरू होते ते आधी तारेने चाचपून घ्यायचं. गावातल्या मशीन शॉपने नवा व्हॉल्व्ह, गाइड आणि सीट कटिंगचे 165 डॉलर घेतले.

बाहेर 84 अंश फॅरनहाइट असतानाचं सप्टेंबरातलं उड्डाण जुलैतल्या तितक्याच उष्ण दिवसाशी ताडून पाहिलं. तीन नंबर चढणीला 374. बाकीचे 355 ते 365. ज्या उंचीला टप्प्याटप्प्याने जायचे तिथे एका दमात गेले. वरून पहिल्यांदा तळं नीट पाहिलं, आणि डोळे भरून आले.

आता खर्चाचं. ताशी सव्वाचार गॅलन पेट्रोल, इथेनॉल नसलेलं, गाडीचंच. 100 एलएल या शिसं असलेल्या विमानी पेट्रोलपेक्षा स्वस्त, आणि प्लगांवर शिशाचे मणी साचत नाहीत. दर 25 तासांनी तेल बदलते आणि व्हॉल्व्हची फट तपासते. हे काम मला आवडतं. न आवडणाऱ्याने या इंजिनाच्या वाटेला जाऊ नये.

भारतात घरी विमान बांधणं जमेल का, असं बरेच जण विचारतात. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधलं, 2017 मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, पण त्यासाठी त्यांना कागदांशी वर्षानुवर्षं झुंजावं लागलं. इथे मला रिव्हेटांचाच त्रास झाला, कागदांचा नाही. हा फरक मोठा आहे.

हेड घेणार असाल तर पैसे देण्याआधी हातात घ्या, एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने प्रत्येक फटीतून उजेड येतो का ते बघा. एक्झॉस्टच्या बाजूला तर नक्कीच. विकणारा बघू देत नसेल तर घेऊ नका.

काल 94 तासांवर पुन्हा लीक-डाउन घेतली. 77, 76, 76, 77. तिसरा आकडा तीन नंबरचा. मामाला फोटो पाठवला आहे.